आडगाव नाका ते अंबड: नाशिकमध्ये ट्रकला मडफ्लॅप बसवून घेताना काय मिळते, काय राहून जाते

नाशिकमध्ये ट्रक-ट्रेलरला मडफ्लॅप, म्हणजे चिखल-पाणी अडवायला चाकामागे टांगलेला रबरी किंवा प्लास्टिकचा पडदा, बसवून घ्यायचा तर पर्याय भरपूर आहेत. आडगाव ट्रक टर्मिनलचा परिसर, द्वारका ते मुंबई नाका हा पट्टा, अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींलगतचे गाळे, विल्होळीकडची वेल्डिंगची दुकाने, कुठेही गाडी लावली तरी अर्ध्या-पाऊण तासात काम होते. थोडक्यात मत असे: इथे रबर बऱ्यापैकी चांगले मिळते, बसवणी मात्र कच्ची असते. गिऱ्हाईक रबराची जाडी दाबून बघते, नावाची अक्षरे बघते आणि पैसे देते. पण रस्त्यावर फ्लॅप तुटतो तो बोल्टपाशी, ब्रॅकेटच्या वेल्डिंगपाशी किंवा रिव्हर्स घेताना टायरखाली सापडून. रबर मध्यातून फाटलेला फ्लॅप क्वचितच दिसतो.

पहिल्यांदा कायद्याचे, कारण दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच आहे. ‘हा आरटीओ साइज आहे, पासिंगला हाच चालतो’ असे सांगून चोवीस इंची जोडी पुढे केली जाते. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये फ्लॅपची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली नाही. कायद्याची कलमे १०९ ते १११ वाहनाची बांधणी आणि देखभाल यांचे तपशील केंद्राच्या आणि राज्याच्या नियमांवर सोपवतात. मडगार्डच्या नियमांमागची मूळ कल्पना सोपी आहे: हौद्याने किंवा बॉडीने पुरेसा आडोसा मिळत नसेल, तर चाकाच्या फिरण्याने उडणारा चिखल आणि पाणी शक्य तितके अडवणारा मडगार्ड किंवा तसाच आडोसा हवा. म्हणजे कसोटी कामाची आहे. टायरपेक्षा अरुंद फ्लॅप लावला, किंवा जमिनीपासून दोन फूट वर टांगला, तर त्यावर काहीही छापलेले असो, तो चिखल अडवत नाही. ‘आरटीओ साइज’ असे सांगणाऱ्या दुकानदाराला एवढेच विचारावे की तुमचा फ्लॅप माझी जोडचाके पूर्ण झाकतो का.

हा प्रश्न गणिताने सोडवता येतो. १०.०० आर २० टायरची रुंदी साधारण २७८ मिलिमीटर, आणि जोडचाकांत एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साधारण ३१८ मिलिमीटर. दोन्ही मिळून आतल्या टायरच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत सुमारे ५९६ मिलिमीटर होतात. इथे चोवीस इंची, म्हणजे ६१० मिलिमीटरचा फ्लॅप बरोबर बसतो. पण २९५/८० आर २२.५ टायर असेल तर हाच हिशेब २९८ अधिक ३३५, म्हणजे ६३३ मिलिमीटरवर जातो. चोवीस इंची फ्लॅप इथे दोन-सव्वादोन सेंटिमीटर कमी पडतो आणि उघडी राहते ती बहुतेक वेळा बाहेरची कड, म्हणजे नेमकी ज्या बाजूने मोटरसायकलवाला ओव्हरटेक करतो ती. या टायरला सव्वीस इंची मागावा. नाशिकच्या दुकानांत चोवीस इंचीचा ढीग असतो. सव्वीस इंची मागितला तर बरेचदा शीटमधून कापून द्यावा लागतो. कापून घेतलेला चालतो. कड मात्र सरळ हवी, कारण कातरीच्या खाचेतूनच पुढे चीर सुरू होते.

उलट बाजूची मर्यादाही लक्षात ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९३ प्रमाणे गाडीची एकूण रुंदी २.६ मीटरच्या वर जाता कामा नये. हौद्याची बाहेरची कड आधीच या मापाला टेकलेली असेल, तर हौद्याबाहेर डोकावणारा फ्लॅप आणि त्याची लोखंडी पट्टी दोन्ही अडचणीचे. शिवाय बाहेर आलेली पट्टी घाटात दुसऱ्या गाडीला घासते. रुंदी वाढवायची तर आतल्या बाजूला वाढवावी.

आता रबर. इथल्या दुकानांत साधारण चार प्रकार मिळतात आणि चारांची कुवत वेगवेगळी आहे.

साच्यात दाबून काढलेला काळा रबरी फ्लॅप सगळ्यात जास्त खपतो. जाडी सहा ते आठ मिलिमीटर, खाली गाडी बनवणाऱ्या कंपनीचे किंवा देवाचे नाव उठावात. चांगल्या रबराची ओळख: दुमडून दोन्ही कडा एकत्र आणल्या तर घडीवर पांढरी रेष किंवा बारीक भेगा दिसत नाहीत, सोडल्यावर लगेच सरळ होतो आणि नखाने ओरखडल्यावर भुकटी पडत नाही. जुने टायर दळून केलेल्या रबराचे प्रमाण जास्त असले की घडीवर भेगा लगेच दिसतात. वजनाचा ठोकताळाही उपयोगी आहे. ६०० बाय ६०० मिलिमीटर, आठ मिलिमीटर जाडीचा फ्लॅप म्हणजे २८८० घनसेंटिमीटर. रबराची घनता १.२ ते १.५ धरली तर एक फ्लॅप साडेतीन ते सव्वाचार किलो भरतो. त्याहून खूप जड निघाला तर आत खडूसारखी भर जास्त आहे असे समजावे. जड म्हणजे मजबूत असे नाही. बरीच दुकाने किलोवर भाव करतात, तेव्हा ही भर गिऱ्हाइकाला दोनदा महाग पडते: एकदा पैसे देताना, दुसऱ्यांदा सहा महिन्यांनी फाटताना.

दुसरा प्रकार म्हणजे जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे. सारूळच्या खडी क्रशरवर चालणाऱ्या डंपरना बहुधा हेच दिसतात. आत कापडाचे तीन-चार थर असलेला दहा मिलिमीटरचा बेल्ट सहसा फाटत नाही, दगडाचा मार सोसतो. पण तो ताठ असतो आणि एक फ्लॅप साडेचार किलोच्या आसपास जातो. हा भार ब्रॅकेटवर येतो, म्हणून बेल्ट लावायचा तर ब्रॅकेटही त्या तोडीचे हवे. एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी: आत पोलादी तारा असलेला बेल्ट फ्लॅपसाठी घेऊच नये. कापलेल्या कडेतून तारा बाहेर येतात, टायरला लागल्या तर टायर जातो, आणि असा तुकडा सुटून मागच्या दुचाकीवर पडला तर काय होईल हे वेगळे लिहायला नको. कडेकडे निरखून बघितले की तारांची टोके ठिपक्यांसारखी दिसतात. कापडी थरांची कड पट्ट्यापट्ट्यांची असते.

तिसरा पीव्हीसी किंवा तत्सम प्लास्टिकचा पातळ फ्लॅप. दिसायला छान, रंग हवा तो, वजन कमी. उन्हाळ्यात लोळतो आणि थंडीत कडक होतो. डिसेंबर-जानेवारीत निफाड-पिंपळगाव पट्ट्यात पहाटे गाडी निघते तेव्हा हा फ्लॅप पुठ्ठ्यासारखा ताठ असतो. दगड लागला की कोपरा तुकडा होऊन निघतो. छोट्या पिकअपला ठीक, दहा चाकी गाडीला नको.

चौथा प्रकार चाकावरून गोल येणारे प्लास्टिकचे पूर्ण मडगार्ड, त्याला खाली छोटा फ्लॅप. ट्रेलरच्या घोड्याला, म्हणजे ट्रॉली ओढणाऱ्या इंजिनाच्या गाडीला, हा सगळ्यात चांगला इलाज. ट्रॉली जोडलेली असताना ट्रॉलीचा तळ वरून आडोसा देतो, पण ट्रॉली सोडून घोडा एकटा निघाला की मागची चाके उघडी पडतात आणि पाणी सरळ मागच्या गाडीच्या काचेवर जाते. नाशिकमध्ये हे मडगार्ड तयार साठ्यात कमी सापडते, बहुधा मागवून घ्यावे लागते. बसवताना वरच्या भागावर मोकळी जागा सोडावी: कसारा किंवा राहुड घाटात वळणावर आणि चढ-उताराच्या तोंडाशी ट्रॉलीचा पुढचा भाग झुकतो आणि मडगार्डच्या माथ्यावर टेकतो. गाडी सपाट जागी उभी करून घेतलेले माप इथे फसवते.

बसवणीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण तक्रारीची खरी जागा तीच आहे.

बहुतेक दुकानांत पद्धत अशी: रबराला वरच्या कडेला ड्रिलने किंवा तापवलेल्या सळईने तीन भोके पाडायची, एका अँगलला तीन बोल्ट मारायचे, खाली साधा वॉशर, काम संपले. फ्लॅपचा सगळा झटका तीन भोकांच्या कडांवर येतो. ओला चिखल चिकटला की चार किलोचा फ्लॅप सात-आठ किलोचा होतो, आणि खड्ड्यात चाक आपटले की तो भार क्षणभर कितीतरी पटीने वाढतो. भोक लांबट होते, मग चीर पडते, मग एक कोपरा सुटून फ्लॅप तिरका लोंबतो. सळईने पाडलेले भोक तर आधीच जळून कडक झालेले असते. चीर तिथून सगळ्यात लवकर जाते.

बरोबर पद्धत फार महाग नाही. रबराच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे मागे अँगल आणि पुढे लोखंडी पट्टी, असे सँडविच करायचे. पट्टी फ्लॅपच्या पूर्ण रुंदीची, ४० मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड. चोवीस इंचाला किमान पाच बोल्ट, दहा मिलिमीटरचे, नायलॉनची कडी असलेल्या लॉकनटसह. कडेचा बोल्ट फ्लॅपच्या कडेपासून ४० मिलिमीटरच्या आत नको आणि भोकांची रांग वरच्या कडेपासून तेवढीच खाली. भोके पंचने पाडावीत. पट्टीच्या खालच्या कडेला ग्राइंडर मारून तिची धार बोथट करावी, नाहीतर फ्लॅप हलताना तीच कड रबर करवतीसारखी कापते. हे शेवटचे काम दोन मिनिटांचे आहे आणि सांगितल्याशिवाय सहसा कोणी करत नाही.

ब्रॅकेट हा पुढचा कच्चा दुवा. चासीपासून आडवा काढलेला अँगल म्हणजे एका टोकाला धरलेली काठी. सगळा ताण मुळाशी येतो. ४० बाय ४० बाय पाचचा अँगल असेल तर मुळाशी त्रिकोणी गसेट, म्हणजे आधाराचा लोखंडी तुकडा, वेल्ड केलेला हवा. नसला तर काही महिन्यांत वेल्डिंगच्या कडेला केसासारखी भेग येते आणि एक दिवस अँगलसकट फ्लॅप रस्त्यावर पडतो. आणि हा अँगल चासीला वेल्ड करून द्यायला काही कारागीर सहज तयार होतात, त्यांना थांबवावे. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला वेल्डिंग करणे किंवा भोक पाडणे गाडी बनवणाऱ्या कंपन्यांना मान्य नसते, कारण चासीला सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो आणि भेग तिथून सुरू होते. चासीच्या उभ्या भागात कंपनीने आधीच पाडलेली भोके असतात. त्यांतली दोन शोधून बारा मिलिमीटरच्या, ८.८ ग्रेडच्या बोल्टने ब्रॅकेट आवळावे. भोके जुळत नसतील तर मध्ये एक जुळवणी-पट्टी करून घ्यावी. वेल्डिंग करायचेच असेल तर ते ब्रॅकेट बाहेर काढून टेबलावर करावे. गाडीवर वेल्डिंग केले आणि बॅटरीची तार काढली नाही, तर बीएस-६ गाडीचा ईसीएम (इंजिनचा संगणक) किंवा एबीएसचा (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) मॉड्यूल जाण्याची भीती असते, आणि तो खर्च सगळ्या फ्लॅपच्या खर्चाहून अनेक पट.

मागच्या अंडर-रन गार्डच्या पाइपला भोके पाडून फ्लॅप टांगण्याचा प्रकारही दिसतो. तोही टाळावा. हा गार्ड आयएस १४८१२ या मानकाप्रमाणे बनतो, मोकळ्या गाडीत त्याची खालची कड जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा वर नको, आणि धडकणारी कार गाडीखाली घुसू नये एवढेच त्याचे काम. भोके पाडलेला पाइप धडकेत तिथेच मोडतो.

टायर आणि फ्लॅपमधले अंतर किती? युरोपातले पाणी-उडवणीचे नियम फ्लॅप टायरच्या मागच्या कडेपासून ३०० मिलिमीटरपेक्षा लांब नको म्हणतात आणि खालची कड जमिनीपासून २०० मिलिमीटरपेक्षा वर नको म्हणतात. अमेरिकेत देशभरासाठी एक नियम नाही, राज्ये आपापले ठरवतात. टेक्सासमध्ये मागच्या धुरीला (अॅक्सलला) चार किंवा जास्त टायर असलेल्या गाडीला आठ इंचांपर्यंत, म्हणजे तेवढ्याच २० सेंटिमीटरपर्यंत खाली येणारा फ्लॅप लागतो. हे नियम इथे लागू नाहीत. पण दोन वेगळ्या खंडांनी एकच आकडा धरला आहे, तर मापदंड म्हणून तो घ्यायला हरकत नाही. भारतीय रस्ते महासभेच्या प्रमाणित गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर. भरल्या गाडीत २० सेंटिमीटरचा फ्लॅप त्यावरून आरामात जातो. गावागावांत लोकांनी घातलेले उंच गतिरोधक वेगळे, त्यांच्यासाठी फ्लॅपची लवचीकता आहेच.

माप कधी घ्यायचे हे महत्त्वाचे. मोकळी गाडी आणि भरलेली गाडी यांत स्प्रिंगच्या पाट्या दबल्याने उंचीचा फरक पडतो. दुकानात गाडी बहुधा मोकळी येते, फ्लॅप २० सेंटिमीटरवर लावला जातो, आणि लासलगावला कांदा भरला की तोच फ्लॅप गतिरोधकावर खरडायला लागतो. आपल्या गाडीचा फरक एकदा भरल्या काट्यावर मोजून ठेवावा आणि तेवढी उंची वाढवून सांगावी. फरक सहा सेंटिमीटर असेल तर मोकळ्या गाडीला २६.

टायरच्या फार जवळ लावण्याचा हट्टही नको. काळ्या मातीच्या शेतातून द्राक्ष-टोमॅटो भरून निघणाऱ्या गाडीला फ्लॅप आणि टायरमध्ये पंधरा सेंटिमीटर अंतर असले तर चिखल मध्ये साचतो, घट्ट बसतो आणि टायर त्याला घासत फिरते. निफाड-दिंडोरी भागात फिरणाऱ्या गाडीला पंचवीस ते तीस सेंटिमीटर अंतर चांगले. त्याउलट चासीच्या अगदी शेपटाला, टायरपासून दीड मीटर मागे लटकवलेले फ्लॅप दिसतात. तिथवर पोचेपर्यंत पाणी दोन्ही बाजूंना पसरलेले असते, हौद्याच्या तळाला आपटून त्याचे धुके झालेले असते, आणि फ्लॅपच्या कडेने ते बाहेर जाते. सरळ मागे येणारा दगड असा फ्लॅप अडवेल, पण पावसात मागच्या चालकाला दिसत नाही ते या धुक्यामुळे. इगतपुरीच्या पावसात ट्रकच्या मागे चार मिनिटे गाडी चालवली की फरक कळतो.

ताठपणा तपासायची युरोपीय रीत इथेही करता येते आणि दुकानातच करता येते. फ्लॅपच्या खालच्या कडेपासून ५० मिलिमीटर वर स्प्रिंग काटा अडकवायचा आणि दर शंभर मिलिमीटर रुंदीला तीन न्यूटन या हिशेबाने मागे ओढायचे. सहाशे मिलिमीटरच्या फ्लॅपला १८ न्यूटन, म्हणजे काट्यावर साधारण १.८ किलो. एवढ्या ओढीने फ्लॅप शंभर मिलिमीटरपेक्षा जास्त मागे गेला तर तो मऊ आहे, वेगात वाऱ्याने उचलला जाईल. समृद्धीवर सलग वेगाने जाणाऱ्या गाड्यांचे फ्लॅप आडवे उडताना दिसतात, ते हेच. उपाय म्हणून फ्लॅपच्या पुढून साखळी बांधतात, पण साखळी फ्लॅपला पुढे टायरकडे जाण्यापासून रोखते, मागे उडण्यापासून नाही. मागे उडू नये म्हणून जाडी वाढवावी किंवा पाठीमागे अर्ध्या उंचीपर्यंत दोन उभ्या पट्ट्या द्याव्यात. पट्ट्या पूर्ण खालपर्यंत नेऊ नयेत, नाहीतर गतिरोधकावर त्या वाकतात.

डंपरसाठी वेगळा विचार लागतो. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात आणि आसपास खडी-मुरुमाचे डंपर खूप आहेत, आणि त्यांचे मागचे फ्लॅप बहुधा अर्धे तुटलेले दिसतात. कारण सरळ आहे: हौदा उचलून माल ओतला की ढीग फ्लॅपवर येतो, गाडी पुढे काढली की फ्लॅप ढिगात अडकून ओढला जातो. रिव्हर्स घेताना ढिगावर चढलेले चाक फ्लॅप खाली घेते. इलाज दोन. एक, फ्लॅपच्या खालच्या कोपऱ्याला साखळी आणि हौद्याच्या कडेला हुक. ओतण्याआधी क्लीनरने वर अडकवायचा, ओतून झाल्यावर सोडायचा. दुसरा, साखळीचे वरचे टोक हौद्यालाच बांधायचे म्हणजे हौदा उचलला की फ्लॅप आपोआप वर येतो. दुसरा जास्त चांगला, कारण माणसाच्या आठवणीवर अवलंबून नाही. साखळीची लांबी अशी ठेवावी की फ्लॅप वर उचलला जाईल, पण हौदा पूर्ण वर असतानाही त्याला फाडणारा ताण येणार नाही. हे काम विल्होळीकडचे वेल्डर चांगले करतात, डंपरची सवय आहे म्हणून. आडगावकडे मागितले तर समजावून सांगावे लागते. आणि जोडचाकांच्या फटीत अडकलेला दगड हा फ्लॅपचा विषयच नाही. वेगात सुटलेला असा दगड खालच्या फटीतून निसटू शकतो. क्रशरवरून निघताना चाकांच्या फटी बघणे हाच त्याचा उपाय.

बल्कर (सिमेंटसारखा सुटा माल नेणारी टाकीची गाडी) आणि तीन धुऱ्यांच्या ट्रॉलीला इथे फक्त शेवटच्या धुरीमागे फ्लॅप लावून देतात. पहिल्या दोन धुऱ्यांचे पाणी बाजूने बाहेर जाते. प्रत्येक चाकावर मडगार्ड शक्य नसेल तर निदान पहिल्या धुरीच्या पुढे आणि तिसऱ्या धुरीच्या मागे आडोसा द्यावा. बल्करला मागच्या फ्लॅपचा आणखी एक फायदा: माल काढायचा पाइप, झडपा आणि त्यांचे जोड चिखलापासून वाचतात. पुढच्या चाकामागचा छोटा फ्लॅप तर सगळ्यांनी लावावाच. त्याच्या मागे बॅटरी, एअर टाकी, एअर ड्रायर, डिझेलची टाकी यांतले काही ना काही असते आणि चिखलाने गंजलेला बॅटरी ट्रे किंवा बुजलेला ड्रेन व्हॉल्व्ह याचे मूळ बरेचदा गायब झालेला पुढचा फ्लॅपच असतो. नाशिकच्या दुकानांत पुढचा फ्लॅप मागितल्याशिवाय कोणी सुचवत नाही.

बीएस-६ गाडीत सायलेन्सरच्या तोंडाकडे बघावे. धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरू असताना आतले तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत जाते आणि बाहेर पडणारी हवाही नेहमीपेक्षा खूप गरम असते. तोंडाच्या रेषेत रबर आले तर ते आधी कडक होते, मग चिरते. ब्रॅकेट थोडे सरकवले की प्रश्न मिटतो.

दिवे आणि रंग याबाबत दुकाने हमखास चुकतात. फ्लॅपवर चकचकीत पांढरे स्टिकर, स्टीलची चमकती पट्टी, खाली रंगीत एलईडीची माळ, हे सगळे हौसेने लावून दिले जाते. मागून दिसणारा परावर्तक लाल हवा. परावर्तक टेपच्या एआयएस-०९० या मानकाप्रमाणे टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. रात्री मागून पांढरे चमकले तर मागचा चालक गाडीचे तोंड आपल्याकडे आहे असे समजतो. फ्लॅपवर टेप लावायचीच तर लाल, आणि तीही मूळ टेपच्या बदल्यात नाही. हलणाऱ्या रबरावर टेप टिकत नाही. फ्लॅप किंवा त्याचे ब्रॅकेट मागच्या दिव्याच्या, नंबर प्लेटच्या किंवा अंडर-रन गार्डवरच्या टेपच्या आड येते का, हे गाडीच्या मागे पंधरा-वीस पावले जाऊन, वाकून बघावे. रंगवणाऱ्याला अजून ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायची सवय असेल तर थांबवावे. महाराष्ट्रात २०१५ पासून व्यावसायिक वाहनांच्या मागे ते लिहिण्यास मनाई आहे.

पासिंगबद्दल. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे फिटनेस दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवे करावे लागते. पेठ रोडच्या आरटीओला गाडी नेण्याच्या आदल्या दिवशी फ्लॅप बसवायचे आणि नंतर काढून ठेवायचे, ही सवय चुकीची आहे आणि तोट्याचीही. घाईत बसवलेला फ्लॅप दोन बोल्टवर असतो, तो रस्त्यात पडतो. नियम मोडल्यावर कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. गाडी लोकांना धोकादायक अवस्थेत आहे असे ठरले तर कलम ५३ खाली नोंदणी निलंबित होऊ शकते. पासिंगच्या किमान आठवडाभर आधी फ्लॅप बसवावेत, म्हणजे एक-दोन फेऱ्यांत काय सैल होते ते कळते.

कुठे जावे? साध्या दहा चाकी ट्रकला, जिथे फक्त रबर बदलायचे आहे आणि जुने ब्रॅकेट शाबूत आहे, तिथे आडगाव नाका पुरेसा. साठा मोठा, भावात घासाघीस चालते, काम झटपट. ब्रॅकेट नवे करायचे असेल तर अंबडच्या बाजूला, जिथे कापणी, पंच आणि बेंडिंग एकाच गाळ्यात होते तिथे जास्त वेळ देऊन करून घ्यावे. दोन तास जातील, पण काम ड्रॉइंगसारखे होते. डंपरला विल्होळी. घोड्याच्या गोल मडगार्डसाठी आधी फोन करून मागवणे बरे. द्वारका-मुंबई नाका पट्ट्यात सजावट उत्तम होते, मजबुती दुकानागणिक बदलते.

दुकानात शिरल्यावर सांगायचे ते असे: टायरचा आकार, जोडचाकांची मोजलेली रुंदी, मोकळ्या गाडीची उंची, पूर्ण रुंदीची पट्टी, पाच बोल्ट, लॉकनट, पंचची भोके, चासीला वेल्डिंग नको. कागदावर लिहून दिले तर आणखी चांगले, कारण भाव ठरवणारा मालक आणि बोल्ट मारणारा पोरगा हे वेगळे असतात. काम झाल्यावर एकाला गाडी हळू रिव्हर्स घ्यायला लावावी, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पुढचे फ्लॅप टायरला लागतात का बघावे, मग हाताने प्रत्येक फ्लॅप खालून पुढे ढकलून एबीएसची वायर किंवा ब्रेक चेंबर मध्ये येत नाही ना ते तपासावे. पहिल्या भरल्या फेरीनंतर सगळे बोल्ट एकदा आवळून घ्यावेत: रबर दाबले जाऊन थोडे बसते आणि घट्ट वाटलेला नट अर्धा फेरा सहज घेतो.